नवजात बाळाच्या टीपीएनमधलं अ‍ॅल्युमिनियम कमी कसं करायचं

एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) नर्सेस, रेसिडेंट डॉक्टर, फार्मसीत टीपीएनच्या बॅग भरणारे, आणि ज्यांचं बाळ आत्ता काचेच्या पेटीत आहे असे आईबाबा, सगळ्यांसाठी लिहितोय. मी स्वतः फार्मसीवाला, त्यामुळे माझं बोलणं वायल (औषधाची छोटी बाटली), लेबल आणि मिलीलिटर यांच्याभोवतीच फिरणार. सांगायचंय ते एकच, की बाळाच्या बॅगेत जाणारं बहुतेक अ‍ॅल्युमिनियम एक-दोन वायलमधून येतं, त्या वायल कुठल्या ते शोधायला लॅब लागत नाही, लेबल आणि कॅल्क्युलेटर पुरतं, आणि एकदा सापडल्या की बऱ्याचदा त्या बदलताही येतात.

ज्यांना टीपीएन म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. खूप लवकर जन्मलेलं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं बाळ दूध पचवू शकत नाही, मग साखर, अमिनो अ‍ॅसिड, फॅट, क्षार, व्हिटॅमिन हे सगळं शिरेतून द्यावं लागतं, कधी आठवडाभर, कधी महिनोन्‌महिने. यात अ‍ॅल्युमिनियम कोणी मुद्दाम घालत नाही, ते कच्च्या मालातून आणि काचेतून आपोआप येतं.

एवढी काळजी कशासाठी

अन्नपाण्यातून थोडं अ‍ॅल्युमिनियम आपल्या सगळ्यांच्याच पोटात रोज जातं. निरोगी आतडं त्यातलं एक टक्कासुद्धा आत घेत नाही, आणि जे थोडंफार रक्तात येतं ते किडनी लघवीवाटे काढून टाकते. शिरेतून दिलं की दारावरचा हा पहारेकरीच गायब, जेवढं बॅगेत तेवढं सगळं थेट रक्तात. वर किडनीसुद्धा अजून तयार व्हायचीये, गर्भात साधारण ३६ आठवड्यांपर्यंत किडनीच्या गाळण्या बनत असतात, आणि आपलं बाळ २७-२८ आठवड्यांचंच बाहेर आलेलं. रक्तातलं अ‍ॅल्युमिनियम बरंचसं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं त्यामुळे ते सहज गाळलं जात नाही, मग ते हाडात, मेंदूत, लिव्हरमध्ये साठत जातं.

हे अ‍ॅल्युमिनियम प्रकरण मोठ्या माणसांत आधी कळलं, १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पेशंटना विसरभोळेपणा, बोलण्यात अडखळणं, झटके आणि मोडकी हाडं असा त्रास व्हायला लागला आणि मूळ निघालं डायलिसिसच्या पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम. १९८५ मध्ये लवकर जन्मलेल्या बाळांवर एक अभ्यास आला, त्यात तीन आठवडे किंवा जास्त शिरेतून औषधपाणी मिळालेल्या बाळांच्या हाडात, थोडेच दिवस मिळालेल्यांच्या मानाने दहापट अ‍ॅल्युमिनियम सापडलं.

आणि मग १९९७ चा ब्रिटनमधला अभ्यास, जो या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, १८५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची २२७ बाळं, अर्ध्यांना नेहमीचं टीपीएन म्हणजे दिवसाला किलोमागे सुमारे ४५ मायक्रोग्राम अ‍ॅल्युमिनियम, अर्ध्यांना कमी अ‍ॅल्युमिनियमवालं म्हणजे किलोमागे ४ ते ५. दीड वर्षांची झाल्यावर १८२ मुलांची बौद्धिक विकासाची टेस्ट केली. सगळी मुलं एकत्र धरली तर दोन गटांतला फरक छोटा होता आणि आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे कारण बरेच लोक ते गाळून टाकतात. पण ज्यांच्यात हातापायाच्या हालचालीचा दोष नव्हता अशा मुलांत नेहमीच्या टीपीएनच्या दर दिवसामागे अंदाजे एक गुण कमी होत गेलेला दिसला, आणि दहा दिवसांपेक्षा जास्त टीपीएन घेतलेल्यांत ८५ च्या खाली स्कोअर येणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्के विरुद्ध १७ टक्के असं निघालं. त्यातलीच काही मुलं १३ ते १५ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, २००९ मध्ये ते छापून आलं, नेहमीचं टीपीएन मिळालेल्यांच्या कमरेच्या मणक्यात हाडाचं वस्तुमान कमी भरलं. नंतर आलेले बहुतेक सगळे नियम आणि इशारे याच अभ्यासाचा हात धरून आलेत.

दोन आकडे पाठ करा

पहिला आकडा ५. अमेरिकेच्या एफडीएचा (औषध नियंत्रकांचा) नियम २००० मध्ये जाहीर झाला, जुलै २००४ पासून लागू झाला, त्यातला इशारा सांगतो की किडनी कमजोर असलेल्या पेशंटना, आणि त्यात लवकर जन्मलेली बाळं स्पष्ट धरलीयेत, दिवसाला किलोमागे ४ ते ५ मायक्रोग्रामपेक्षा जास्त अ‍ॅल्युमिनियम शिरेतून गेलं तर मेंदू आणि हाडाला इजा होण्याइतकं ते साठतं. पुढे असंही म्हटलंय की याहून कमी डोसलाही शरीरात साठा होऊ शकतो. म्हणून ५ च्या आत आलो म्हणजे काम संपलं असं समजायचं नाही, जेवढं खाली नेता येईल तेवढं न्यायचं.

दुसरा आकडा २५. टीपीएनच्या मोठ्या बाटल्या, म्हणजे डेक्स्ट्रोज (साखर), अमिनो अ‍ॅसिड, लिपिड (फॅट), यांत लिटरमागे २५ मायक्रोग्रामपेक्षा जास्त अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. छोट्या वायलना मात्र या नियमात कमाल मर्यादा नाही, त्यांनी फक्त लेबलवर एक्स्पायरीच्या वेळी जास्तीत जास्त किती अ‍ॅल्युमिनियम असेल तो आकडा छापायचा. सगळी गोची इथेच आहे, मोठी बाटली बांधलेली आणि छोटी वायल मोकळी.

काचेची वायल हातात घ्या

कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्क्याची काचेची वायल उचला आणि लेबल फिरवून बघा, बारीक अक्षरात कुठेतरी अ‍ॅल्युमिनियम अमुक मायक्रोग्राम प्रति लिटर असं असतं, किंवा लेबलवर नसलं तर आतल्या घडी घातलेल्या कागदावर. काही कंपन्या कुठेच छापत नाहीत, तेव्हा कंपनीकडून त्या बॅचचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट मागून घ्यायचं, आणि ते लेखी मागायचं, फोनवर सांगितलेला आकडा धरू नका.

कॅल्शियम ग्लुकोनेटच का एवढं वाईट, तर काचेत मुळातच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, आणि ग्लुकोनेट हा अ‍ॅल्युमिनियमला पकडून ठेवणारा रेणू आहे. वायल भरून सील करून वाफेवर १२१ डिग्रीला निर्जंतुक करतात तेव्हा ग्लुकोनेट काचेतलं अ‍ॅल्युमिनियम ओढून बाहेर काढतो, आणि नंतर शेल्फवर पडून असताना हेच हळूहळू चालू राहतं. म्हणून एकाच बॅचची ताजी वायल आणि एक्स्पायरीला टेकलेली वायल यांत फरक पडतो. फॉस्फेट आणि सायट्रेटसुद्धा अ‍ॅल्युमिनियमला असेच धरतात. कॅल्शियम क्लोराइड काच एवढी कुरतडत नाही, त्याच्यात अ‍ॅल्युमिनियम बरंच कमी असतं, पण त्याची दुसरी भानगड आहे, त्यावर पुढे येतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. टीपीएनच्या नळीत बसवायचा इनलाइन फिल्टर लावला की अ‍ॅल्युमिनियम अडेल असं अनेकांना वाटतं. अडत नाही, ते विरघळलेलं असतं. फिल्टर हवाच, पण तो कण, हवेचे बुडबुडे आणि जंतूंसाठी.

आता हिशोब, सावकाश

लेबलवरचा आकडा लिटरमागे असतो आणि आपण देतो मिलीलिटरमध्ये, म्हणून त्याला १००० ने भागायचं. लिटरला ५००० म्हणजे मिलीलिटरला ५ मायक्रोग्राम. मग मिलीलिटरने गुणायचं, सगळ्या घटकांची बेरीज करायची, बाळाच्या त्या दिवसाच्या वजनाने भागायचं. एवढंच गणित आहे.

उदाहरण घेऊ, बाळ १ किलोचं. खाली छोट्या वायलचे लेबलचे आकडे मी समजायला धरलेत, तुमच्याकडच्या वायलवर जे असेल ते घाला. डेक्स्ट्रोज आणि पाणी मिळून ८० मिली, १० टक्के अमिनो अ‍ॅसिड ३५ मिली, २० टक्के लिपिड १५ मिली, असे मोठ्या बाटल्यांचे १३० मिली झाले, लिटरला २५ च्या मर्यादेने जास्तीत जास्त ३.२५ मायक्रोग्राम. हा आकडा जरा थांबून बघा, नियमात बसणाऱ्या मोठ्या बाटल्यांनीच आपल्या ५ मधले सव्वातीन कागदावर खाल्ले, छोट्या वायल अजून उघडल्यापण नाहीत.

आता कॅल्शियम. बाळाला दिवसाला २ मिलीमोल (क्षारांचा डोस मोजायचं एकक) द्यायचंय, १० टक्के ग्लुकोनेटच्या एका मिलीत ०.२३२ मिलीमोल असतं, म्हणजे साधारण ८.६ मिली लागणार. काचेच्या वायलचं लेबल ५००० धरलं तर ४३ मायक्रोग्राम. एकट्या कॅल्शियममधून ४३! तेच प्लास्टिकच्या वायलमधलं घेतलं आणि लेबल २०० असलं तर १.७. औषध तेच, डोस तोच, फक्त बाटली बदलली.

पुढे फॉस्फेट, पोटॅशियम फॉस्फेट मिलीला ३ मिलीमोलवालं, २ मिलीमोलसाठी पाऊण मिलीसुद्धा लागत नाही, पण लेबल १५,००० असलं तर तेवढ्यातच १० मायक्रोग्राम. सिस्टीन (वेगळं घालायचं एक अमिनो अ‍ॅसिड) घालत असाल तर तेही बघा, साडेतीन ग्रॅम अमिनो अ‍ॅसिडला ग्रॅममागे ४० मिलिग्रॅमच्या हिशोबाने १४० मिलिग्रॅम, मिलीला ५० मिलिग्रॅमवालं असेल तर २.८ मिली, जुन्या प्रकारच्या लेबलवर ५००० असायचं, म्हणजे आणखी १४. ट्रेस एलिमेंट (झिंकसारखी अगदी थोडी लागणारी खनिजं) आणि व्हिटॅमिनचा मिळून १ धरू. बेरीज ७१ च्या पुढे गेली, ५ ची मर्यादा, चौदा पटीने जास्त. हा आकडा बघून घाबरून जायचं नाही, लेबलवरचा आकडा एक्स्पायरीच्या दिवसाचा कमाल असतो, प्रत्यक्ष मोजलं की बऱ्याचदा तो कमी भरतो. तरीपण कुठल्या वायलकडे बघायचं हे बेरीज अचूक सांगते.

मोठ्या माणसाला याचा एवढा त्रास का होत नाही तेही याच हिशोबात दिसतं. ६० किलोच्या माणसाला टीपीएनमधून दिवसाला कॅल्शियम ग्लुकोनेट वीस-बावीस मिली जातं, किलोमागे अर्धा मिलीसुद्धा नाही. आपल्या एक किलोच्या बाळाला किलोमागे ८.६. म्हणजे त्याच वायलमधून बाळाला वजनाच्या मानाने वीस पटीहून जास्त अ‍ॅल्युमिनियम मिळतं, कारण त्याची हाडं वाढतायत आणि त्याला कॅल्शियम भरपूर लागतं.

एक्सेलची शीट एकदा करून ठेवा, एका कॉलममध्ये घटक, मग कंपनी, बॅच, लेबलचा आकडा, मिली, आणि शेवटी मायक्रोग्राम. कंपनी बदलली की आकडा बदलतो हे लोक विसरतात, खरेदी विभाग स्वस्त पडतंय म्हणून ब्रँड बदलतो आणि एनआयसीयूला कळतसुद्धा नाही, त्यामुळे नवा ब्रँड आला की आधी शीट, मग शेल्फ, असा नियमच करून टाका.

बदल कुठून सुरू करायचा

कॅल्शियमपासून. दुसरीकडे कुठे हात घालण्याआधी प्लास्टिकमधलं कॅल्शियम ग्लुकोनेट मिळतंय का ते बघा, कारण एकूण अ‍ॅल्युमिनियममधला सिंहाचा वाटा तिथेच असतो. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्येच सांगितलंय की १० मिलीच्या काचेच्या वायलमधलं कॅल्शियम ग्लुकोनेट १८ वर्षांखालच्या मुलांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना वारंवार किंवा लांबलचक उपचारासाठी वापरू नका. खरेदी समितीपुढे जाताना हा मुद्दा आणि तुमची शीट दोन्ही घेऊन जा, नुसतं सुरक्षित आहे म्हणून सांगितलं की कोणी ऐकत नाही, ४३ विरुद्ध १.७ दाखवलं की ऐकतात. प्लास्टिकमधलं थोडंच मिळत असेल तर ते आधी टीपीएनच्या बाळांसाठी राखून ठेवा, इमर्जन्सीत एकदाच द्यायच्या डोसला काचेतलं चालून जाईल.

दुसरा नंबर फॉस्फेटचा. सोडियम ग्लिसरोफॉस्फेट मिळत असेल तर ते घ्या, त्यात अ‍ॅल्युमिनियम कमी, आणि ते सेंद्रिय फॉस्फेट असल्याने कॅल्शियमसोबत साका धरत नाही, त्यामुळे कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही पुरेसं घालता येतं, हाडांसाठी हा मोठाच फायदा. फक्त त्याच्यासोबत सोडियम येतं, एका मिलीमोल फॉस्फेटमागे दोन मिलीमोल, म्हणजे २ मिलीमोल फॉस्फेट दिलं की ४ मिलीमोल सोडियम गेलंच. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला एवढं सोडियम नको असतं, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, आणि बाकीचं सोडियम त्या हिशोबाने कमी करायचं. ग्लिसरोफॉस्फेट नसेल तर सोडियम फॉस्फेट आणि पोटॅशियम फॉस्फेटची लेबलं शेजारी ठेवून बघा, बऱ्याचदा सोडियमवाल्यात कमी असतं.

सिस्टीनमध्ये गेल्या काही वर्षांत चांगली सुधारणा झालीये, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका सिस्टीनच्या लेबलवर लिटरला १२० पेक्षा जास्त नाही असं आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या १४ चे पाव-अर्धा मायक्रोग्राम होतात. जुनंच मिळत असेल तर ते खरंच हवंय का हे विचारायला हरकत नाही, पण सिस्टीनमुळे बॅगेचा पीएच खाली येतो आणि कॅल्शियम फॉस्फेट विरघळलेलं राहायला मदत होते, त्यामुळे काढलंत तर कॅल्शियम-फॉस्फेटचा मेळ पुन्हा तपासायला लागेल.

आता आपल्याच उदाहरणातलं बाळ पुन्हा घ्या. प्लास्टिकचं कॅल्शियम १.७, ग्लिसरोफॉस्फेट २ मिली लेबल ३०० धरून ०.६, नवं सिस्टीन ०.३, बाकी १, मोठ्या बाटल्या ३.२५. बेरीज ७ च्या आत. कागदावर अजूनही ५ च्या थोडं वर आहे, आणि हे असंच होतं, सगळं बदलूनही लेबलच्या कमाल आकड्यांनी ५ गाठणं छोट्या बाळात कठीणच जातं. पण ७१ वरून ७ वर येणं म्हणजे बाळाच्या हाडात आणि मेंदूत रोज जाणाऱ्या ओझ्याचा दहावा हिस्सा उरणं, यासाठी जेवढी धडपड करावी लागेल तेवढी करावी.

हे मात्र करू नका

अ‍ॅल्युमिनियमच्या भीतीने कॅल्शियम कमी करू नका. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. लवकर जन्मलेल्या बाळाला गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळालेलं नसतं, टीपीएनमध्येही कमी दिलं तर हाडं ठिसूळ होतात, बरगड्या नुसत्या हाताळण्यानेही मोडू शकतात. अ‍ॅल्युमिनियमपासून हाडं वाचवायला निघून कॅल्शियमअभावी हाडं मोडायची, असं करू नका. वाढत्या बाळाला कॅल्शियम किलोमागे दिवसाला १.६ ते ३.५ मिलीमोल लागतं असं २०१८ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात, तो डोस तसाच ठेवून वायल बदलायची.

दुसरं, ग्लुकोनेट काढून त्याच्या जागी कॅल्शियम क्लोराइड मनानेच टाकू नका. क्लोराइडमधलं कॅल्शियम पटकन सुटं होतं आणि साध्या फॉस्फेटशी जुळून पांढरा साका होतो, लिपिड घातलेल्या दुधाळ बॅगेत तो डोळ्याला दिसतही नाही, आणि फुफ्फुसात जाऊन अडकतो. १९९४ मध्ये एफडीएने टीपीएनमधल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्याबद्दल जो इशारा काढला त्यामागे दोन मृत्यू होते. क्लोराइड वापरायचंच असेल तर सेंद्रिय फॉस्फेटसोबत, तपासलेल्या प्रमाणात, फार्मासिस्टने लेखी ओके केल्यावर, आणि रक्तातलं क्लोराइड वाढून अ‍ॅसिडोसिस (रक्त आम्लधर्मी होणं) होत नाही ना त्यावर लक्ष ठेवून. साधं फॉस्फेट असेल तर आधी फॉस्फेट, मग बाकीचं, कॅल्शियम सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक वेळी बॅग नीट हलवून, हा क्रम कंटाळा आला तरी मोडायचा नाही. वायलमध्ये खडे धरलेले दिसले तर वायल फेकून द्या, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट इतकं दाट असतं की ते खडे धरू शकतं.

तिसरं, टीपीएनच नको म्हणू नका. उपाशी बाळाच्या मेंदूचं नुकसान अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी लवकर आणि जास्त होतं.

बॅगेबाहेरचं अ‍ॅल्युमिनियम

टीपीएन सांभाळलं आणि बाकीच्या शिरेतल्या औषधांकडे दुर्लक्ष केलं असं बरेचदा होतं. कॅल्शियम कमी झालं म्हणून वेगळं दिलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट, तेही काचेतलं, हे हिशोबात घेतलंच पाहिजे. अल्ब्युमिनमध्येही अ‍ॅल्युमिनियम असतं. शीटमध्ये खाली एक ओळ इतर औषधांसाठी ठेवा.

कोणत्या बाळांवर आधी लक्ष द्यायचं तर ज्यांची लघवी कमी झालीये, क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलंय, डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी) बंद करायला इंडोमेथासिन चाललंय आणि त्याने किडनीचं काम मंदावलंय, किंवा आतडं कुजण्याचा आजार होऊन मोठा भाग काढावा लागलाय आणि महिनोन्‌महिने टीपीएन चालणार हे दिसतंच आहे. प्लास्टिकच्या वायल मोजक्याच असतील तर आधी यांना.

टीपीएनचे दिवस कमी करणं हा अर्थातच उत्तम उपाय. आईचं दूध थेंबाथेंबाने लवकर सुरू करायचं, आईचं नसेल तर दूध बँकेतलं, आणि रोजच्या राउंडला दूध किती वाढवता येईल हा प्रश्न विचारायचाच. दूध वाढेल तसा टीपीएनचा डोस उतरवायचा, आणि दुधातून कॅल्शियम, फॉस्फेट पुरेसं जायला लागलं की बॅगेतलं बंद करता येतं का बघायचं, मग शेवटच्या काही दिवसांचं अ‍ॅल्युमिनियम आपोआप वाचतं. आईच्या दुधात अ‍ॅल्युमिनियम फार थोडं असतं आणि ते आतड्यातून जातं, त्याची चिंता नको. सोयाच्या फॉर्म्युलात जास्त असतं, लवकर जन्मलेल्या बाळांना ते तसंही देत नाहीत.

रक्त तपासायचं का

प्रत्येक बाळाचं नाही, रक्त थोडं असतं आणि उत्तर अर्धवट मिळतं. रक्तातला आकडा आज काय चाललंय ते सांगतो, हाडात किती बसलंय ते नाही. महिनोन्‌महिने टीपीएन, किडनी कमजोर, कारण न कळणारा हाडांचा त्रास किंवा लोह देऊनही न हलणारा अ‍ॅनिमिया असेल तर तपासा, पण ट्रेस एलिमेंटसाठीच्या खास ट्यूबमध्ये, साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून आणि हवेतल्या धुळीतून अ‍ॅल्युमिनियम मिसळून आकडा खोटाच वर जातो. आकडा जास्त आला तर आधी सँपल पुन्हा घ्या.

आईबाबांसाठी

तुम्ही पेटीबाहेर उभे आहात आणि हे सगळं वाचून पोटात गोळा आला असेल, तर आधी हे ऐका, तुमच्या बाळाला टीपीएन मिळतंय म्हणून ते वाढतंय. थांबवायला सांगू नका. विचारायचंच असेल तर राउंड संपल्यावर डॉक्टर किंवा फार्मासिस्टना निवांत विचारा, कॅल्शियम काचेच्या वायलमधलं वापरता की प्लास्टिकच्या? टीपीएनमधल्या अ‍ॅल्युमिनियमचा हिशोब तुमच्याकडे होतो का? दूध कधी वाढवणार? हे प्रश्न कोणाला उद्धट वाटत नाहीत, आम्हाला तर ते आवडतात, कारण आईवडिलांनी विचारलं की खरेदीची फाइल जरा लवकर हलते.

टीपीएनच्या बॅगेवर किंवा नळीवर उजेड लागू नये म्हणून चमकदार फॉइल गुंडाळलेलं दिसलं तर घाबरू नका, ते बाहेरून आहे, त्यातून द्रवात काही जात नाही, आणि फॅट व व्हिटॅमिन उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून ते हवंच असतं. लसीत अ‍ॅल्युमिनियम असतं म्हणून लस टाळू का, हेही बरेच जण विचारतात. टाळू नका. लसीतलं थोडंसं अ‍ॅल्युमिनियम स्नायूत जातं, तिथून हळूहळू सुटतं, आणि तेही मोजक्याच वेळा, रोज चोवीस तास शिरेतून जाणाऱ्या टीपीएनशी त्याची तुलना करू नये. लवकर जन्मलेल्या बाळाला तर लसींची जास्तच गरज असते.

फार्मसीवाल्यांनो, बाळ दुसऱ्या हॉस्पिटलला जात असेल किंवा घरच्या टीपीएनवर जात असेल तर कागदांसोबत शीटची प्रिंट जोडा, किती दिवस टीपीएन झालं, कुठल्या कंपनीचं कॅल्शियम आणि फॉस्फेट वापरलं, किलोमागे रोज किती मायक्रोग्राम बसत होतं. समोरच्या फार्मसीत काचेतलंच कॅल्शियम असेल तर ते बाळ पोचायच्या आत कळायला हवं, म्हणून ट्रान्सफर ठरला की त्याच दिवशी तिकडच्या फार्मासिस्टना फोन करा, आणि त्यांच्याकडे प्लास्टिकमधलं नसेल तर पहिल्या काही दिवसांपुरत्या वायल बाळासोबत देता येतात का तेही विचारून घ्या.